पान दोनशे पंधरा

४ फेब्रुवारी

एका शब्दकोशाच्या कामातून उरलेल्या कागदाची ही वही. शिवली मीच. तिच्यात काय लिहायचं ते ठरलं नव्हतं. आज ठरलं.

धाकटा उद्यापासून एक ते दहा लाख मोजणार आहे. मोठ्याने, एकही आकडा न गाळता. एकोणीस वर्षं तो बस आगारात गाड्यांच्या घोषणा करत होता. डिसेंबरात तिथे ध्वनिमुद्रित आवाज लावला आणि याला घरी पाठवलं. दोन महिने वरच्या खोलीत पडून होता. आता हे. कुठल्याशा विक्रमनोंद संस्थेकडून नियमांचा कागद मागवला आहे.

मी विचारलं, दहा लाख मोजून मिळतं काय. म्हणाला, "काही नाही. आवाज वापरात राहतो."

जेवताना बायकोने विचारलं, किती दिवस लागतील. मी हिशेब केला. सेकंदाला एक आकडा धरला तर साडेअकरा दिवस, तेही न झोपता. पण 'सात' म्हणायला लागतो तेवढ्या वेळात 'सात लाख सत्त्याहत्तर हजार सातशे सत्त्याहत्तर' म्हणून होत नाही. घड्याळ लावून म्हणून पाहिलं. मला चार सेकंद लागले. धाकट्याला तीन. रोज आठ तास आणि रविवार सुटी धरली तर चार महिने. बाबांनी विचारलं, आणि कोटी? चार वर्षं. अब्ज? पावणेपाचशे वर्षं. बाबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "मग दहा लाखांवर थांब. जेवण निवतं."

सगळे हसले. हिशेब माझा होता.

साक्षीदार लागतो. व्यवसायाचा शिक्का असलेला माणूस हवा. दर शंभर आकड्यांना त्याने एक खूण करायची. बाइंडरीचा शिक्का माझ्याकडे आहे. "दादा, तूच बस," धाकटा म्हणाला. "तुझ्या हातून पान सुटत नाही." सगळ्यांसमोर म्हणाला, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

५ फेब्रुवारी

नोंदवह्या मी बांधल्या. पाच वह्या, प्रत्येकी दोनशे पानं. एका पानावर दहा चौकटी, म्हणजे एक पान एक हजाराचं.

नियम असे. आकडा गळला तर साक्षीदाराने तिथल्या तिथे थांबवायचं. नंतर उघडकीला आलं तर गळलेल्या आकड्यापासून पुढचं सगळं रद्द. साक्षीदार जागेवर नसताना मोजलेले आकडे धरले जात नाहीत. ते वही पाठवण्याआधी साक्षीदारासमोर पुन्हा मोजायचे.

तो बाइंडरीतच बसतो, पुठ्ठ्यांच्या मांडणीखाली. नऊ ते एक, दोन ते सहा. मला हाताने घड्या घालता येतात, खळ लावता येते. कटिंग मशीन लावता येत नाही. त्याच्या आवाजावर आवाज नको. कटिंग आता पहाटे उठून करायचं.

पहिला हजार वीस मिनिटांत. दिवसअखेर चौदा हजार.

८ फेब्रुवारी

ही शिलाईच्या मेजावर बसते. सोळा पानांची घडी म्हणजे एक फर्मा. तो दोऱ्यावर चढवायचा, मग पुढचा. आज पाहिलं, हिची सुई त्याच्या आकड्याबरोबर आत जाते आणि पुढच्या आकड्याबरोबर बाहेर येते. मी हटकलं. म्हणाली, "असं होय? मला कळलंच नाही." मग हसली. लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याच गोष्टीच्या तालावर ही काही करताना मी पाहिलेली नाही.

१३ फेब्रुवारी

एक लाख. हिने त्याच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली. मी कपाकडे पाहिलं नाही. चमच्याचा आवाज मोजला.

१९ फेब्रुवारी

बाबांची खुर्ची सहा वर्षं रस्त्याकडे तोंड करून होती. आज त्यांनी ती आत वळवून घेतली. त्यांना नीट ऐकू येत नाही. आपण काही विचारलं तर दोनदा विचारावं लागतं. याचं मात्र पोचतं म्हणे.

मी बाबांना विचारलं, नव्या कामाला कापडी पाठ लावू की कागदी. तीनदा विचारलं. त्यांनी हाताने 'थांब' म्हटलं. धाकटा तेव्हा एक लाख एकेचाळीस हजारांवर होता.

२५ फेब्रुवारी

रविवार. पहाटे खाली आलो, दार लावून घेतलं आणि मोजायला बसलो. अकराशे चाळीसपर्यंत गेलो. मग ध्यानात आलं की नऊशेचा शेकडा दोनदा झाला. आवाज घशात अडकतो. सोडून दिलं.

मग दुसरा हिशेब केला. तीस वर्षं, वर्षाला तीनशे दिवस, दिवसाला पंधराशे घड्या. मी एक कोटी पस्तीस लाख घड्या घातल्या आहेत. साक्षीदार कुणी नव्हता.

२८ फेब्रुवारी

आज मला काहीतरी मिळालं. नीट लिहून ठेवतो.

जेवून दोनला बसलो. तो 'दोन लाख चौदा हजार' म्हणाला. मी पान दोनशे चौदाची शेवटची चौकट भरली. पान उलटलं. क्षणभर डोळे मिटले. पहाटे चारपासून कटिंग करत होतो. डोळे मिटले ते पाच-सात आकडे, फार तर दहा. उघडले तेव्हा तो म्हणत होता, "दोन लाख पंधरा हजार सहा."

अख्खा हजार गिळला.

मी काही बोललो नाही. नियमाप्रमाणे तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. पण थांबवलं असतं तर डोळे मिटल्याचं सांगावं लागलं असतं. पान दोनशे पंधरा कोरं सोडलं आणि दोनशे सोळावर गेलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, भुवई किंचित उचलली आणि मोजत राहिला. त्याचा आवाज खाली आला होता. स्वतःची चूक स्वतःला कळली की माणसाचा आवाज असाच बसतो.

बारीकसारीक लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. खळीवर साय धरली होती. ही हल्ली पाणी कमी घालते. माझ्या मानेमागे कापडाची घडी होती. वरच्या फळीवरून घसरली असणार. ऊन मांडणीच्या पायापासून मशीनच्या चाकापर्यंत गेलं होतं. आता दिवस मोठा होतो आहे.

सहाला उठताना त्याने विचारलं, "पानं नीट आहेत ना, दादा? काही राहिलं असेल तर सांग, नंतर बघू."

मी म्हटलं, "नीट आहेत."

किती साळसूदपणे विचारलं. आजचे एकूण नऊ हजार, रोजच्याइतकेच. हजार गिळूनही एकूण वाढलेलं दिसत नाही, म्हणजे दुपारभर ढिला मोजत होता.

२९ फेब्रुवारी

दिवसभर तोंडात साखर धरल्यासारखं. हिची सुई त्याच्या आकड्यावर चालली होती. चालू दे म्हटलं.

११ मार्च

आज एका कवितासंग्रहाची पंचवीस पुस्तकं परत आली. चारही बाजूंनी पाहिली तर ठाकठीक. पण अठ्ठेचाळीस पानानंतर एकदम पासष्ट. एक फर्मा राहिला. जुळणी माझी.

प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापतानाच एक काळी खूण येते, आधीच्या फर्म्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे ओळीने लागले की पाठीवर जिना दिसतो. एक राहिला की पायरी तुटते. बाबांनी मला दहाव्या वर्षी हे दाखवलं होतं. अकराव्या वर्षी माझ्याकडून फर्मा राहिला, तेव्हा कानाखाली वाजवली होती. धाकट्याला कधी जुळणीला बसवलंच नाही. त्याचा आवाज चांगला होता म्हणून तो शाळेत कविता म्हणायला जायचा.

आज बाबा काही बोलले नाहीत. पुस्तक उघडून पाहिलं आणि बंद करून माझ्याकडे दिलं. धाकटा आकडा न सोडता हात पुढे करून शिलाई उसवायला लागला. मी पुस्तक ओढून घेतलं.

त्याच्या जिन्यातलीही एक पायरी तुटली आहे. ती फक्त मला दिसते.

४ एप्रिल

पाच लाख. आगारातले दोन ड्रायव्हर भेटायला आले. एक म्हणाला, अरे, नव्या यंत्राने परवा दुपारची गाडी सकाळीच सुटल्याचं सांगितलं, लोक तुझी आठवण काढतात. धाकटा मोजतच होता. त्याने नुसता हात हलवला. ही दोघांना दारापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ बाहेर बोलत उभी राहिली. तोवर दोन शेकडे झाले. मी खुणा केल्या.

२८ फेब्रुवारीलाच सांगितलं असतं तर त्याला एकच हजार पुन्हा मोजावा लागला असता. पाऊण तास, फार तर तास. आज सांगितलं तर दोन लाख शहाऐंशी हजार. महिन्याच्या वर. रोज मी गप्प बसतो आणि रोज त्यात नऊ हजार वाढतात. मी काहीच करत नाही, तरी ते वाढतं. असं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं.

१७ एप्रिल

त्याचा घसा बसला. डॉक्टरांनी तीन दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. तो चिठ्ठ्या लिहितो. पहिली चिठ्ठी हिला: 'वहिनी, पाणी.' दुसरी मला: 'दादा, सुटी घे. मशीन लाव.'

मशीन लावलं. दिवसभर वाजत होतं.

१९ एप्रिल

तीन दिवस घड्या वाकड्या पडताहेत. कागद खराब आला आहे. हिची शिलाईही साठ फर्म्यांवरून चाळिसावर आली. बाबा दोनदा म्हणाले, कुणीतरी काहीतरी बोला रे. मी म्हटलं, काय बोलू? त्यांना ऐकू आलं नाही.

२० एप्रिल

पुन्हा सुरू. कागद सुधारला.

१६ मे

एक बाई आल्या होत्या. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या ग्रंथालयातल्या. त्यांना कायमचा वाचक हवा आहे. तासभर खुर्चीत बसून आकडे ऐकले. जाताना म्हणाल्या, आठ लाखांवरसुद्धा प्रत्येक आकडा पहिल्यांदाच म्हटल्यासारखा येतो. संस्थेचं प्रमाणपत्र आलं की कळवा. त्यावर त्यांच्या समितीचं भागेल आणि जागा याची.

संध्याकाळी तो हिला सांगत होता, "वहिनी, तुम्ही शिवलेलं पुस्तक मी वाचेन." मी तिथेच होतो. पुस्तक मीही बांधतो. पाठ मी लावतो, पुठ्ठा मी चढवतो. पण मला पुस्तक वाचून दाखव असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नाही.

प्रमाणपत्र. म्हणजे वही. म्हणजे पान दोनशे पंधरा.

२ जून

माझ्या डोक्यात काय चाललं आहे ते खरंखरं लिहितो. मला त्याचं वाईट व्हायला नको आहे. एकदा कुणीतरी म्हणावं की याने पाहिलं, याच्या लक्षात आलं, बाकीच्यांच्या आलं नाही. एवढंच. पण ते त्याचं वाईट झाल्याशिवाय होत नाही, याला मी काय करू?

ही काल म्हणाली, "तुम्ही हल्ली सारखी दुसरी वही काढून बघता. काय आहे तिच्यात?" मी म्हटलं, शिलाई बघतो. हिने सुई फर्म्यात टोचून ठेवली. म्हणाली, "सांगायचं असेल तर सांगून टाका. तो काही म्हणणार नाही." त्यानेच मला सांगायचं की मी त्याला? हिचं बोलणं हल्ली असंच अर्धवट असतं.

११ जून

उद्या संपणार. फोटो काढायला वर्तमानपत्राचा माणूस येणार आहे.

बाबांनी जेवताना पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "घरात एकाने तरी नाव काढलं."

धाकटा म्हणाला, "बाबा, दुकानावर नाव दादामुळे आहे." त्याने म्हटलं. त्यालाच ते म्हणता येतं.

जेवण झाल्यावर संस्थेला पत्र लिहिलं. 'मी साक्षीदार. २८ फेब्रुवारी रोजी मोजणाऱ्याने दोन लाख चौदा हजार एक ते दोन लाख पंधरा हजार हे आकडे गाळले. पान २१५ कोरं आहे, पाहावं.' खाली शिक्का.

१२ जून

पावणेनऊला पत्र पेटीत टाकलं. पेटी समोरच आहे, रस्त्यापलीकडे. रोज पाचला उघडतात.

तीन वाजून वीस मिनिटांनी तो म्हणाला, "दहा लाख." गाडी फलाटाला लागली असं सांगावं, तसं. ड्रायव्हर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठून उभे राहिले. फोटोवाल्याने मला विचारलं, तुम्ही कोण? ही म्हणाली, साक्षीदार. त्याने मला थोडं बाजूला सरकायला सांगितलं.

चारपर्यंत सगळे गेले. मी वह्या बांधायला घेतल्या. धाकट्याने पाणी प्यायलं, दार लोटलं आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसला.

"दादा, दुसरी वही काढ. पान दोनशे पंधरा."

सापडला म्हटलं. मी शांतपणे म्हणालो, "मला माहीत आहे."

"तुला माहीत असणारच. मी थांबलो होतो, तू म्हणशील म्हणून." तो घसा साफ करत होता. "तेव्हा मोजले ते चालत नाहीत. साक्षीदार हवा. आता मोजून टाकू, मग पाठव."

"तेव्हा मोजले?"

ही सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "घोरत होतात तुम्ही. चार दिवस पहाटे चारला उठून कटिंग चाललं होतं. मीच भावोजींना म्हटलं, उठवू नका, हळू म्हणा. मानेखाली घडीही मीच ठेवली."

बाबा म्हणाले, "इतकं हळू की मलासुद्धा ऐकू येईना."

त्यांना हे सगळं ऐकू आलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी त्याने सुरुवात केली. दोन लाख चौदा हजार एक. मी पेन हातात धरलं. शंभराला खूण केली. दोनशेला खूण केली. खिडकीतून पेटी दिसत होती. घड्याळही दिसत होतं. मी दोन्हींकडे पाहत होतो आणि ऐकत होतो. पाचशेला खूण केली. तो घाई करत नव्हता. प्रत्येक आकडा पहिल्यांदाच म्हटल्यासारखा येत होता. त्या बाई बरोबर बोलल्या होत्या.

सातशे अठरा. सायकल येऊन थांबली. सातशे बावीस. पोस्टमनने किल्ल्यांचा जुडगा काढला. रस्ता ओलांडायला पंधरा पावलं लागतात. मी खुर्चीचा हात धरला. साक्षीदार जागेवर नसताना मोजलेले आकडे धरले जात नाहीत. सातशे सव्वीस. पेटी उघडली. हिची सुई आत गेली, बाहेर आली. सातशे एकतीसला त्याने पिशवीचं तोंड आवळलं. सातशे चाळीसला रस्ता मोकळा होता.

आठशेला खूण केली. नऊशेला केली. शेवटची चौकट पाच वाजून पंधरा मिनिटांनी भरली.

"झालं," तो म्हणाला. "आता जिना पुरा झाला."

तो शब्द त्याला ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं.

१३ जून

२८ फेब्रुवारीचं पान काढून वाचलं. आजचे एकूण नऊ हजार, रोजच्याइतकेच, असं मीच लिहिलं आहे. हजार गाळले असते तर दहा हजार व्हायला हवे होते. बेरीज माझीच, अक्षर माझं, शाई माझी.

सकाळी दुसरं पत्र लिहिलं. 'दिनांक २८ फेब्रुवारी, दुपारी दोन ते तीन, साक्षीदार झोपला होता. आकडे गाळलेले नाहीत. ते १२ जून रोजी साक्षीदारासमोर पुन्हा मोजले आहेत. आधीचं पत्र चुकीचं आहे.' मग 'चुकीचं' खोडलं आणि वर 'खोटं' लिहिलं.

धाकट्याला वाचायला दिलं. नुसतं वाचेल असं वाटलं होतं. त्याने सवयीने मोठ्याने वाचलं. ही शिवायची थांबली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. माझं वाक्य त्याच्या आवाजात चांगलं वाटत होतं, आणि ते चांगलं वाटतं आहे याचाही मला राग आला.

वाचून झाल्यावर त्याने कागद मेजावर ठेवला. मग विचारलं, "आधीचं कधी टाकलंस?"

"काल सकाळी. पावणेनऊला."

"म्हणजे मी मोजत असताना पेटी उघडली."

"सातशे सव्वीसला."

"तू उठला नाहीस."

"उठलो असतो तर पान गेलं असतं."

त्याने खिडकीतून पेटीकडे पाहिलं. मग शाईच्या गादीचं झाकण काढलं आणि ती माझ्याकडे सरकवली.

मी शिक्का मारला.